दर्यापारच्या धोंड्यांची टेकडी

मंडळी, ज्या टेकडीवर तुम्ही आता धापा टाकत बसला आहात, ती देवाने केलेली नाही. हात लावून बघा. हा काळा धोंडा आपला, पण हा तांबूस आणि तो पांढुरका आपल्या मुलखातला नव्हे. हे समुद्रापलीकडून आले. खाली नवा धक्का दिसतो, तो सरकारचा. जुन्या समुद्री व्यापारवाटा पुन्हा सुरू करायच्या म्हणून तिथे मोठा पैसा घातला आहे, आणि माझ्या मते चांगले केले. पण हे आपले तारखोल बंदर आधी राखले ते एका बाईने, असे सांगतात.

फार पूर्वी इथे मस्कतची, मलबारची गलबते लागत. हलके गलबत वाऱ्यात कलंडते, म्हणून येताना तळाशी धोंडे भरत. इथून तांदूळ आणि सुंभ घ्यायचे, आणि धोंडे खाडीच्या मुखातच ढकलून द्यायचे. आपले काम झाले की झाले. मुख उथळ होत चालले.

इथला तांडेल रवळू गाबीत तेव्हा आपले गलबत घेऊन लांबच्या सफरीवर होता. मुख बुजले तर आपला माणूस घरी कसा शिरणार, एवढेच त्याच्या बायकोला, सुभद्रेला, दिसत होते. तिने ग्रामदेवतेसमोर नेम धरला, म्हणे, की मुखात एकही धोंडा राहू द्यायचा नाही. ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उतरून ती धोंडे काढी आणि टोपलीने इथे आणून टाकी. परके नाखवे आधी हसले, मग लाजले, आणि आपले धोंडे होडीने किनाऱ्यावर उतरवू लागले. एकजण मात्र म्हणाला, "तुझ्या घरचे गलबत येऊ दे, मग बघू." त्याचेही चूक नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, हे सगळीकडेच चालते.

पावसाळा तोंडावर आला आणि रवळूचे गलबत दिसले. माल विकून परतत होते, तळाशी धोंडे भरलेले. ओहोटी लागली होती, आभाळ दाटले होते, आणि धोंडे उतरवून घ्यायला वाऱ्यामुळे होडी त्याच्यापर्यंत नेता येईना. बाहेर खोल पाण्यात टाकावे तर हलके गलबत त्या वाऱ्यात कलंडणार. मुखापाशी येऊन रवळूने ओरडून विचारले, "पाणी पुरणा नाय. धोंडे टाकू काय?"

टाकले असते तर तो घटकेत घरी आला असता. पण मुख पुन्हा बुजायला लागले असते, आणि खाडीतले सारे नाखवे बघत होते. सुभद्रेच्या जिवाचे तेव्हा काय झाले असेल ते मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "टाकू नका. भरती येयसर भायर रवा."

बायकोचे त्याने ऐकलेच कसे, असे पाहुणे विचारतात. अहो, तो तांडेल होता. मुख बुजले तर गाव संपेल हे त्यालाही कळत होते. त्याने गलबत बाहेर वळवून नांगर टाकला. भरतीच्या आधी वादळ आले आणि गलबत फुटले. खलाशी पोहत किनाऱ्याला लागले, रवळू लागला नाही.

संध्याकाळी मुख तुडुंब भरले. तेव्हा सुभद्रा इथे चढली आणि समोर काही नसताना तिने हाक मारली, "येवा आता, पाणी इला."

त्यानंतर कोणी मुखात धोंडा टाकला नाही, असे सांगतात. पुढे काळ फिरला, परमुलखाची गलबते बंद झाली. तरी दर नारळी पौर्णिमेच्या भरतीला आमच्या गाबीत घराण्यातली एक बाई टेकडीवरून ती हाक मारायची. माझ्या आजीने मारली, आईने मारली. दोघींनाही कोणी ओ दिली नाही.

गेल्या वर्षी नव्या धक्क्याला पहिले परदेशी जहाज आले. पाणी पुरेसे होते, धक्क्यावरून बिनतारी यंत्राने परवानगीही मिळाली होती. पण कप्तानाला कोणीतरी हे सारे सांगितलेले, तो मुखाबाहेर थांबून राहिला. माझ्या सुनेने इथून हाक मारली, आणि जहाज आत आले. खाली उभी असलेली सगळी माणसे रडत होती, मीही रडलो.

आजही इथे जहाज यायचे असले की हाक मारायला बाई लागते. फक्त आता, हाक मारल्यावर, कोणीतरी येते.