हळदउतार

रुईखोऱ्याच्या वरच्या खिंडीत आली की जीप थांबतेच. पाहुण्यांना वाटतं, फोटो काढायला थांबवली असेल. मग वाट दाखवायला आलेले गावचे गेनूआबा काठी टेकत पुढं होतात आणि सांगतात, की इथून खालच्या झऱ्यापर्यंत सगळ्यांनी चालायचं, गाडी रिकामी उतरणार. कुणी गुडघेदुखीचं रडगाणं गायलं तर आबा धोतर जरा वर धरून स्वतःचे गुडघे दाखवतात. त्या गुडघ्यांपुढं कुणाचं काय चालणार?

आजूबाजूचा सगळा डोंगर काळाकुट्ट आणि हा एवढा उतारच तेवढा पिवळा, ओल्या हळदीसारखा. मातीतच काही असेल, असं शिकलेले लोक म्हणतात. असेलही. पण रुईखोऱ्यात वेगळं सांगतात.

पायथ्याच्या कुरणातला झरा भर वैशाखातही आटत नाही. अलीकडं रुईखोरे, पलीकडं बोरमाळ, आणि दोन्ही गावांचा डोळा त्याच पाण्यावर. दर उन्हाळ्यात तिथं डोकी फुटायची. एके वर्षी एकाचा जीव गेला, तेव्हा कुठं दोन्ही गावं खंडोबाच्या देवळात बसली. ठरलं असं, की भांडण घोड्यांवर सोडवायचं. प्रत्येक गावाचा एक स्वार. दिवस उगवताना देवळापासून निघायचं, सगळ्या डोंगररांगेला वळसा घालायचा आणि मावळायच्या आत झऱ्यावर यायचं. जिंकेल त्या गावाचं कुरण. दुसऱ्या गावाच्या गुरांनी त्यात पुन्हा कधी तोंड घालायचं नाही.

अट एकच होती. वाटेत पाय जमिनीला टेकायचा नाही. टेकला की हार. त्याची खूण म्हणून स्वार घोड्यावर बसले, की त्यांच्या उघड्या तळपायांना ओली हळद फासायची. चालला तर हळद पुसली जाणार, चोरी उघडी पडणार. एवढी जाणती माणसं बसली होती म्हणे, पण आभाळाचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. चैत्रात पाऊस येतो कुठं?

रुईखोऱ्याचा स्वार होता निंबाजी आणि त्याची घोडी साळुंकी. तिची आई तिला जन्म देऊन मेली, तेव्हा निंबाजीनं शेळीचं दूध पाजून तिला जगवलं होतं. माणूस मुलखाचा अबोल. पण त्या दिवशी सारं गाव निरोपाला जमलेलं पाहून त्याला भरून आलं आणि तो बोलून गेला, "कुरण आणल्याबिगर गावात पाऊल ठिवणार न्हाई." अशा वेळी माणूस बोलून जातो.

दुपारपर्यंत सगळं बरं चाललं. मग ऊन भाजायला लागलं. साळुंकीच्या तोंडाला फेस आला, निंबाजीच्या मांड्या सोलून निघाल्या. बोरमाळचा रायाजी आपल्या दांडग्या घोड्यावर कधी पुढं, कधी मागं. उन्हं कलायला लागली तेव्हा तो मागं पडला होता. दोघांनाही एकमेकांकडं बघायचं त्राण उरलं नव्हतं. निंबाजीला तर कुरणही नको वाटायला लागलं होतं. कुठं तरी आडवं व्हावं, एवढंच मनात.

आणि डोंगरमाथ्यावर गारांनी गाठलं. वर झाड नाही, आडोसा नाही. गारा बदाबदा कोसळत होत्या. निंबाजीनं अंगावरची घोंगडी पुढं ओढून घोडीच्या मानेवर धरली, तरी तिच्या कानातून रक्त आलं. तशीच ती खिंडीपर्यंत आली. उतारावर गारांचा थर साचला होता. पावसाच्या पडद्यातून खालचा झरा दिसत नव्हता, म्हणजे झऱ्यावर थांबलेल्यांनाही वरचं काही दिसत नव्हतं.

निंबाजीनं टाच दिली. घोडी निघाली, पाय घसरून गुडघ्यांवर पडली, उठली आणि पुन्हा पाऊल पुढं टाकायला लागली. ती अडून बसली असती, तर त्यानं तिला मारलंही असतं. पण ती निघाली. तेच त्याला सोसलं नाही. तो खाली उतरला.

त्यानं घोडीच्या पोटाखालचा तंग सोडला, खोगीर आपल्या डोक्यावर घेतलं, घोंगडी तिच्या पाठीवर टाकली आणि लगाम धरून पुढं चालायला लागला. पायथ्याशी पोचेपर्यंत गारा थांबल्या. तिथं सवयीप्रमाणे घोडी एका धोंड्यालगत जाऊन उभी राहिली, त्यानं पाठीवर बसावं म्हणून. तो खोगीर घालून बसला. फसवायचं म्हणून नव्हे. त्याच्यात पायच उरले नव्हते.

तो झऱ्यावर पोचला तेव्हा रुईखोऱ्याची माणसं नाचायला लागली. गावच्या पाटलानं त्याचा गुडघा कवटाळला. पंच होते भिवाबुवा गुरव. त्यांनी वाकून तळपाय बघितले. पांढरेफटक, पाण्यानं सुरकुतलेले.

"पावसानं धुतली हळद. तसंच न्हवं?" बुवांनी विचारलं.

पाटलाची बोटं गुडघ्यावर घट्ट झाली. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. गावाची तहान कायमची मिटणार होती आणि सांगायला उतारावर कुणी साक्षी नव्हता. पण निंबाजी इतका दमला होता, की खोटं उचलायची ताकद त्याच्यात नव्हती.

"न्हाई बुवा. उतारावर पाय टेकलं. चालत आलो."

पाटलानं हात काढून घेतला. बोरमाळकर ओरडायला लागले, तेवढ्यात रायाजी दिसला. खांद्यावर खोगीर, पाय रक्ताळलेले. घोडा वर माथ्यावर पडला, तो उठलाच नाही. बोरमाळकर म्हणाले, आमचा गडी आपणहून उतरला नाही, कुरण आमचं. बुवांनी रायाजीला विचारलं. त्यानं खोगीर खाली ठेवलं. साळुंकी झऱ्यात तोंड घालून पाणी पीत होती, तिच्याकडं तो बराच वेळ बघत राहिला.

"मी न्हाई उतरलो, बुवा. उतराया पायजे हुतं." मग रडतच म्हणाला, "कुरण द्यायाचंच आसंल, तर त्या घोडीला द्या."

एवढ्यात ढग फाटून मावळतीचं ऊन पडलं आणि कुणीतरी वर बोट दाखवलं. गारा वितळल्या होत्या आणि खिंडीपासून पायथ्यापर्यंत सारा उतार पिवळा झाला होता. पाऊस सगळं धुऊन नेतो. निंबाजीच्या पायाची हळद मात्र त्यानं नेली नाही, असं सांगतात. बुवांनी उताराला हात जोडले आणि कुरण साळुंकीच्या नावानं सोडलं. घोडी कुणाला हाकलणार? तेव्हापासून दोन्ही गावांची गुरं तिथं चरतात.

निंबाजी मात्र घरी परतला नाही. कुरण त्यानं गावासाठी आणलं नव्हतं. पाटील स्वतः न्यायला आले, पाया पडले, तरी नाही. झऱ्याजवळ खोपट घालून तो घोडीपाशी राहिला आणि पुन्हा तिच्यावर कधी बसला नाही. रायाजी बोरमाळहून भाकरी घेऊन यायचा. दोघं बसून राहायचे. फारसं बोलत नसत म्हणे. फार दमलेली माणसं होती ती.

आजही दोन्ही गावांचा नवरदेव खिंडीत घोडीवरून उतरतो. करवल्या त्याच्या तळपायांना ओली हळद लावतात आणि तो अनवाणी चालत येतो, रिकामी घोडी पुढं. झऱ्यावर पहिलं पाणी घोडीचं, मग नवरदेवाचं.

पाहुणे धापा टाकत झऱ्यावर पोचतात, तेव्हा जीप आधीच येऊन उभी असते. घसा सगळ्यांचाच कोरडा पडलेला असतो. चालक बॉनेट उघडतो, झऱ्याचं तांब्याभर पाणी आणतो आणि सावकाश रेडिएटरमध्ये ओततो. तोवर आबा कुणाला पाण्याला हात लावू देत नाहीत, आणि गोष्ट ऐकलेला कुणी घाईही करत नाही.