अर्धा रिकामा ओटा

"सांगा ना गुरुजी, तो का नाही आला?"

शेनने मठाच्या दारातूनच विचारलं. बूट मातीने माखलेले, कमरेला हाडांवरची माती झाडायचा मऊ ब्रश.

चीनमधल्या त्या डोंगराळ मुलखात लू या जुन्या सरदार घराण्याची थडगी शोधून काढणारा हाच तो शेन. पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं त्याने टेकडीच्या पोटातून बाहेर काढली होती. मोठा विद्वान, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ!

म्हातारे भिक्षू ह्वेमिंग अंगणात शेंगा सोलत बसले होते.

"कोण रे?"

"लू घराण्यातला तो नवरा! आज त्याच्या बायकोचं थडगं उघडलं. आत दोघांसाठी बांधलेला ओटा. अर्ध्यावर ती, अर्धा रिकामा. दार बुजवणाऱ्या भिंतीला सगळीकडे चुना, मधल्या विटा मात्र नुसत्या रचलेल्या. नवरा गेला की त्या काढायच्या, त्याला तिच्याशेजारी निजवायचं आणि मग चुना लावायचा, अशी रीत होती. तेराशे वर्षं ती बिचारी वाट बघतेय, आणि या गृहस्थाचा पत्ता नाही!"

"लढाईत पडला असेल."

"नाहीतर दुसरी केली असेल! अख्खी टेकडी खणीन, पण त्याला शोधून जाब विचारीन."

"विचार की."

शेन इतका का तापला होता, ते आसपासच्या साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याची बायको युएलान गेल्या हिवाळ्यात गेली. लेकीने अस्थिकलश या मठात आणून ठेवला. "बाबा येऊन नेतील," म्हणाली. बाबा रोज समोरच्याच टेकडीवर खणत होते. मठाची पायरी त्यांनी आज पहिल्यांदा चढली, तीही दुसऱ्याच्या बायकोपायी.

भिक्षू उठून आत गेले. परतले तेव्हा हातात पांढरा कलश होता, त्यावर धुळीचा थर.

त्यांनी तो शेनपुढे ठेवला.

"कुणी पुसायचा तरी होता," शेन कसाबसा म्हणाला.

"लेक नको म्हणाली. बाबांचा हात हलका आहे, म्हणाली."

शेनने कमरेचा ब्रश काढला. परक्यांच्या कवट्या साफ करणारा तो ब्रश त्याने कलशावरून फिरवला. थोडी धूळ गेली, नाव दिसलं, आणि ब्रश गळून पडला.

"शेवटी मी तिच्याजवळ नव्हतो, गुरुजी. तिने निरोप धाडला होता. खोदकाम ऐन रंगात आलेलं... म्हटलं, एवढं थडगं मोकळं झालं की जातो."

आणि तो ताठ मानेचा माणूस हमसून हमसून रडला. भिक्षू शेंगा सोलत राहिले. त्यांनी त्याला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळाने शेनने डोळे पुसले. कलशाला मात्र त्याने हात लावला नाही.

"आता कोणत्या तोंडाने घरी नेऊ तिला? फार उशीर झाला."

"आज तू त्या बाईच्या दाराला हात लावलास," भिक्षू म्हणाले, "तेव्हा तेराशे वर्षांनंतरही विटा सैलच होत्या ना रे?"