कातळावरची चौकट

“शंभर वेळा चौकट फेकलीस, आणि एकदाही ती नुसत्या कातळावर पडली नाही?”

आजगावकर बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं.

“नाही, बाई,” सर्वेश म्हणाला. “नशीब म्हणायचं.”

बाईंनी पान उलटलं. सहीची जागा शेवटच्या पानावर होती, पेन बाईंच्या हातात होतं आणि सर्वेशचा सगळा जीव त्या पेनात अडकला होता.

पर्यावरण जीवशास्त्राच्या पदवीचं त्याचं हे शेवटचं वर्ष. वडिलांनी फार्मसीचा फॉर्म आणून ठेवला होता. पठ्ठ्याने तो बाजूला सारून हा विषय घेतला. गावाला तेवढं निमित्त पुरलं. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर जो तो विचारायचा, “झाडां मोजूक कॉलेज कित्याक व्हया?” सर्वेश वरवर हसायचा आणि आतून जळायचा.

आता त्याच गावाच्या डोक्यावरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं ते लांबरुंद पठार, कुणीतरी चिऱ्यांच्या खाणीसाठी मागितलं होतं. उद्या सकाळी ग्रामसभा होती. सड्यावर काय काय उगवतं ते सांगायला सरपंचांनी सर्वेशलाच बोलावलं होतं. वही तयार होती. शंभर चौकटी, आणि प्रत्येक चौकट हिरवीगार. फक्त बाईंची सही झाल्याशिवाय ती कुठेही वाचायची नाही, असा कॉलेजचा दंडक होता.

चौकट फेकायची रीत बाईंनीच शिकवलेली. प्लास्टिकच्या नळ्यांची हातभर चौकट घ्यायची, पाठमोरं उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि खांद्यावरून मागे भिरकावायची. जिथे पडेल तिथे आत जे असेल ते मोजायचं. आपली आवडनिवड मध्ये आणायची नाही.

“चल,” बाई उठल्या. “चौकट घे.”

“आत्ता? बाई, सही तेवढी...”

बाई पायऱ्या उतरूनही गेल्या होत्या.

सड्यावर ऑक्टोबरचं ऊन सकाळीच तापलं होतं. सीतेची आसवं, ती पावसाळ्यातली इवली निळी फुलं, सुकून गेली होती, गवत पिवळं पडत होतं आणि मधूनमधून काळा कातळ दिसत होता. मधूनमधून कसला, जवळजवळ निम्मा सडा उघडाच होता. सर्वेशला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून तो वाटभर गवताच्या जातींबद्दल बोलत राहिला.

बाई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, त्यांनी डोळे मिटले आणि हात फिरवला. चौकट गवतावरून गेली, दगडावर आपटली, दोनदा उसळली आणि थांबली.

कातळावर. आत ना काडी, ना पातं.

सर्वेश पुढे झाला. वाकला, चौकट उचलली आणि पुन्हा फेकायला बाईंच्या हातात द्यावी म्हणून वळला.

तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय केलं ते.

बाई त्याच्याकडेच बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

“किती वेळा उचललीस अशी?”

“मोजलं नाही, बाई.”

मुंग्यांची वारुळंसुद्धा मोजून ठेवणारा पोरगा तो. हे सांगताना त्याचे कान लाजेने तापले.

मग त्याने सगळंच सांगून टाकलं. सुरुवातीला रिकामी पानं बरी दिसेनात, म्हणून एकदोनदा चौकट उचलली. पुढे खाणीची बातमी आली, आणि मग उचलण्यात काही गैर आहे असंही वाटेनासं झालं.

“खोटं एकही झाड लिहिलेलं नाही, बाई,” तो म्हणाला. “फक्त दगड सोडला. सड्यासाठीच सोडला.”

बाईंनी त्याच्या हातातून चौकट घेतली आणि जिथे पडली होती तिथेच परत ठेवली. मग उकिडव्या बसून कोरं पान त्याच्यापुढे धरलं.

“लिही.”

“काय लिहू?”

बाईंनी चौकटीकडे बोट दाखवलं.

सर्वेशने त्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं आणि शून्य लिहिलं. एवढा साधा आकडा, पण त्याच्या नोंदींत तो पहिल्यांदाच उमटला.

“अजून नव्याण्णव,” बाई म्हणाल्या.

दिवसभर चौकट उडत राहिली. गवतात पडली की तो गुडघ्यांवर बसून मोजायचा. कातळावर पडली की तितकाच वेळ बसायचा आणि मग लिहायचा. बाई करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसून होत्या. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, पण मदत म्हणून एकदाही केली नाही. शंभरावी चौकट मोजून झाली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. शंभरांतल्या शेहेचाळीस रिकाम्या निघाल्या.

बाईंनी पानं एकेक करून पाहिली, शेवटच्या पानावर आल्या आणि सही केली.

हवी ती सही मिळाली, तरी सर्वेश वही घेईना. तो रडायच्या बेतात होता.

“बाई, उद्या हे वाचलं तर खाणवाले काय म्हणतील माहीत आहे? म्हणतील, निम्मा तर दगडच आहे. तिथे काहीच नाही.”

“म्हणतील.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वही त्याच्या हातात दिली.

“चौकट उचलताना तूही तेच म्हणालास.”