समोरचा कडा

एका खाडीच्या मुखाशी दोन उंच कडे समोरासमोर उभे होते. उत्तरेच्या कड्यावर घारीचं घरटं होतं. दक्षिणेच्या कड्यावर सुरय पक्ष्यांचा थवा दरवर्षी अंडी घालायला यायचा आणि पिल्लं उडती झाली की समुद्रावर निघून जायचा.

थवा दूर असताना वारा मोजणारा एक लोखंडी खांब तिथे आला. पवनचक्क्यांसाठी तो जागा शोधत होता. त्याने घारीला विचारलं, “वारा दोन्हीकडे सारखाच चांगला आहे. मोकळा कडा कुठला?”

घारीने आपल्या घरट्याकडे पाहिलं. “समोरचा. तिथे कुणी राहत नाही.”

थवा परतला तेव्हा दक्षिणेच्या कड्यावर पाती गरगरत होती. पुढे उडणारे सुरय त्यांत सापडून मेले. एक मादी घारीपाशी आली. “घारीताई, यंदापुरती इथे अंडी घालू द्या.”

“इथे माझी पिल्लं आहेत,” घार म्हणाली.

मादी खांबाकडे गेली. “आमच्या अंड्यांची जुनी टरफलं तुम्हाला दिसली नाहीत?”

“दिसली,” खांब म्हणाला. “पण मला फक्त वारा मोजायला सांगितलं होतं.”

मादीला आता थांबणं शक्य नव्हतं. खाली, जिथवर भरतीचं पाणी येतं, त्याच वाळूत तिने अंडं घातलं.