पुस्तकातला धाकटा भाऊ

"नऊ पुस्तकं लिहिलीत, मिस ओराली. पण एकातही काही घडत कसं नाही?"

तरुण लेखक डेस्मंडने मिस ओरालींच्या घराच्या पायरीवर बसून हे विचारलं, तेव्हा त्याच्या मांडीवर स्वतःच्या पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित होतं. मुलांसाठी लिहिलेलं. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने ते छापायला घेतलंही होतं.

ओराली गेन्स अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. जॉर्जियातल्या एका लहानशा गावात त्यांनी आयुष्यभर काळ्या मुलांना शिकवलं, आणि त्यांच्यासाठीच लिहिलं.

"घडतं की," त्या म्हणाल्या. "पहिल्या पुस्तकात एक मुलगी आजोबांना स्केटिंग शिकवते."

"तेच म्हणतोय मी! आपल्या लोकांनी इतकं सोसलं, आणि तुम्ही... स्केटिंग?"

"अकरा वर्षं ते पुस्तक प्रकाशकांकडून परत येत होतं. गोरे संपादकही हेच विचारायचे. मुलगी काळी आहे, मग दुःख कुठाय?"

 डेस्मंड हस्तलिखितावर हात ठेवून म्हणाला, "माझ्या पुस्तकात आहे. पोलिसांच्या गोळीने नायकाचा धाकटा भाऊ जातो. पहिल्याच पानावर. वाचणारा हादरला पाहिजे."

 अंगणात शेजारची आठ वर्षांची रोझेटा दोरीच्या उड्या मारत होती. तिला मिस ओरालींनी हाक मारली.

"ये गं. याची गोष्ट ऐक."

डेस्मंडने पहिलं पान वाचलं. छान वाचलं. 

रोझेटाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"नाव काय होतं त्याचं?"

"कुणाचं?"

"लहान भावाचं."

डेस्मंडने पान उलटलं. परत मागे आणलं... नाव दिलेलंच नव्हतं.

"ते दोघं काय खेळायचे?"



"मी... त्याचा विचारच केला नाही," डेस्मंड म्हणाला.

"मला माहितीये." रोझेटा त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. "त्याला पोहता यायचं नाही. पण सगळ्यांना सांगायचा, येतं म्हणून!"

डेस्मंडला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. त्याने खिशातलं पेन काढलं, पण ते कागदावर टेकेना.

"मिस ओराली... मग त्याचं मरण काढून टाकू?"

"राहू दे. खरं आहे ते. पण आधी त्याला पाण्यात तर उतरू दे."