येसाईचा धोंडा

मंडळी, त्या धोंड्याला टेकू नका, जरा अलीकडं उभे राहा. खाली जुन्या आगगाडीचा चढ दिसतोय ना, त्याच्या माथ्यावरचा हा येसाईचा धोंडा. मी इथल्या देवळाचा गुरव. म्हातारे सांगायचे तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

रुंद रुळांची गाडी नवी होती तेव्हाची गोष्ट. विलायतेहून एक अजबच इंजिन आलं, असं सांगतात. बंब एका गाडीवर, चाकं दुसऱ्या गाडीवर आणि मध्ये वाफेची नळी. चाकं माणसाहून उंच, पण बंबाचं ओझं त्यांच्यावर नाही. चढ लागला की ती रूळ धरेनात, जागच्या जागी गरगर फिरत. इंजिनाबरोबर आलेला गोरा साहेब म्हणाला, चाकांच्या गाडीवर भार हवा, जड माणसं बसवा.

आमच्या चिंचवहाळाला तालमीचं भारी वेड. त्या गाडीवर बसायला पैलवानांत चढाओढ लागली, म्हणे. येसाई विधवा, तिचा एकुलता एक कोंडाजी. तालमीतला हा धोंडा उचलणारा गावात तो एकटाच. बाईनं स्वतः ताकावर भागवून त्याला दूध पाजलेलं. तीच पुढं होऊन अभिमानानं म्हणाली, "माझ्या लेकाला बसवा. त्याच्याएवढा भार कुणाचा नाही." त्याला नळीजवळ मानाची जागा मिळाली.

अर्ध्या चढावर नळी फुटली. बाकीचे उड्या टाकून वाचले, कोंडाजी वाफेत भाजून गेला. पैलवानांच्या मानाला हलगी वाजत होती, त्या हलगीवाल्याचा हात वर गेला होता तो तसाच राहिला.

नळी सांधली आणि साहेबानं पुन्हा माणसं मागितली. पुन्हा माणसं! तेवढ्यात येसाई चढावरून येताना दिसली, डोक्यावर हा धोंडा घेऊन. चार गड्यांना न हलणारा धोंडा तिनं त्या गाडीवर ठेवला.

"हा माझ्या कोंडाजीचा भार. आता दुसरीचं लेकरू नको."

इंजिन सुटलं. चाकांनी रूळ धरले आणि ते थेट इथवर चढलं, म्हणे. दगडानं भागत होतं तर माझा लेक कशाला बसवला, असं येसाईनं साहेबाला विचारलं. दुभाष्यानं मान खाली घालून साहेबाचं उत्तर सांगितलं.

"दगड उचलून चढवावे लागतात, बाई. माणसं आपल्या पायांनी चढतात."

येसाईनं धोंडा इथं उतरवला. त्यानंतर तो कुणालाही हललेला नाही. त्या इंजिनाजवळही पुन्हा गावातलं कुणी फिरकलं नाही.

आजही आमच्या गावचा पोरगा कुस्तीआधी वजनाला उभा राहतो, तेव्हा त्याची आई आधी काट्यावर एक दगड ठेवते. परगावचे पंच हसतात. एवढ्यावर भागेल का, असं ती त्यांना विचारते. नाही म्हणाले, तरच लेकराचा हात सोडते.