पाला माशाचं बारसं

खाडीचं पाणी अजून नितळ होतं, तेव्हाची ही गोष्ट. पाला मासे दरवर्षी अंडी घालायला समुद्रातून खाडीत आणि खाडीतून नदीत चढत. काठावरची माणसं त्यांना ‘काटेरी’ म्हणत आणि पाहुण्यांच्या ताटात कधी वाढत नसत. जाळ्यात चुकून सापडलाच, तर पोसूबाई कोळीण त्याला परत पाण्यात भिरकावून देई.

एका थोराड मादीला हा अपमान सोसेना. "मेलेलं परवडलं, पण हे नाव नको!" म्हणत तिनं बगळ्याला गळ घातली, "आमचं नवं बारसं करा."

एक म्हातारा नर म्हणाला, "अगं, त्या नावामुळेच तर आपण दरवर्षी सुखरूप घरी परततो."

"आजोबा, मानपान कशाशी खातात ते तुम्हांला कुठं ठाऊक?" मादी फणकारली.

बगळ्यानं मोठ्या आनंदानं गावोगाव ‘खाडीची राणी’ अशी दवंडी पिटली. पुढच्या हंगामात खाडीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत जाळी लागली.

टोपलीत तडफडताना मादीनं शेजारच्या म्हाताऱ्याला ढोसलं. वर पोसूबाई ओरडत होती, "राणी घ्या गो, खाडीची राणी! पाहुण्यांना वाढा!"

"ऐकलंत ना, आजोबा?" मादी धापा टाकत म्हणाली, "आता कशी आदरानं हाक मारतात!"